आतल्या बाजूची पाच बोटं

उचगाव
२० जुलै २०२५

आक्का,

आशीर्वाद शेवटी लिहितो, आधी कामाचं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली ती कंपनी परवा परत आपल्या शेडात आली. टर्बाइनच्या गरम भागात बसणारी रिंग हाय, परातीएवढी, दोन वर्षांमागं होती तसलीच. तोच निकेलचा साडेसातशे नंबर. आगीत ताठ उभा राहतो आणि जोडायला गेलं की रुसतो. दोन अर्धे आणून ठेवलेत, जोडून द्यायचे. मी म्हटलं, साहेब, मागची फुटली की. तर सरनोबत साहेब म्हणाला, "वस्ताद, रिपोर्टात तुमच्या हाताला नाव ठेवलेलं नाही. तार चुकीची निवडली असं लिहिलंय. हात तुमचाच पाहिजे."

म्हणून विचारतो, जोडात वितळवायला तार कुठली घालू? मी आपला म्हणतो, साडेसातशेला साडेसातशेचीच तार. तू तेव्हा सव्वासहाशे नंबरची मऊ तार घातलीस आणि काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. तरी पण इंजिनियर तू हाईस, मी आयटीआय. विचारायला माझं काय जातंय?

तुझा पत्ता अंतरानं दिला. तिच्यावर डाफरू नको, मैत्रीण चांगली हाय तुझी. मी तिच्या दारात पाऊण तास बसून राहिलो तेव्हा कुठं तिनं चिठ्ठीवर लिहून दिला. ती म्हणाली, आक्कानं वेल्डिंग सोडलं, त्रिचीत कुठल्याशा ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या कामाचे कागद तपासती. मला ते पटलं न्हाय. चौथीत असताना काळी काच डोळ्यांना लावून माझ्याशेजारी उकिडवी बसणारी माझी पोर तू. एका फुटक्या रिंगपायी कुणी घर सोडतं काय, धंदा सोडतं काय?

फोन तू उचलत न्हाईस. दोन वर्षं झाली. माझं चुकलं असेल तर सांग की. सगळ्यांदेखत तू स्वतःच साहेबाला म्हणालीस, "तार मी निवडली होती." मी काय तुझ्या तोंडात घातलं न्हवतं. मग राग माझ्यावर कशाचा?

पाऊस बरा हाय. गुंडू शेड झाडताना विचारत होता तुला.

तुझा आण्णा

&nbsp;

उचगाव
७ ऑगस्ट २०२५

आक्का,

पत्र पोचलं. पोस्टातनं पावती आलीय, त्यावर तुझी सही हाय. म्हणजे वाचलंस. वाचून गप बसलीस. बस. तुझ्या आईकडनंच आलाय हा गुण, ती पण रागावली की तीन तीन दिवस मुकी व्हायची. पण ती मुकी असली तरी घरात भांडी वाजायची. तू गेल्यापासनं घरात भांडंसुद्धा वाजत न्हाय. सकाळी भात टाकतो तो दोघांचा होतोय, हाताला सवय. उरतो तो संध्याकाळी फोडणीला. रेडिओ लावून ठेवतो, माणसाचा आवाज पाहिजे म्हणून. जाऊ दे.

कामाचं सांगतो. साहेबानं नमुन्याला चार तुकडे दिलेत. पहिल्या दोघांना माझी तार घातली, साडेसातशेचीच. जोड असा बसला की गुंडू म्हणाला, "वस्ताद, ह्याच्यावर हात फिरवावा वाटतोय." शिरगावच्या भट्टीवर नेले. पस्तीस वर्षं बॉयलरचं जाड लोखंड जोडलंय मी, तिथं हळू तापवणं हाच धर्म. तसंच तापवलं, घाई न करता. बाहेर काढलं तर जोडाच्या कडेनं केसाएवढी रेघ. मला वाटलं वरचा काळा थर असेल. चीर दाखवणारं लाल औषध मारून पुसलं, पांढरं फवारलं, तर रेघ ठसठशीत उमटली. दुसरा तुकडाही तसाच.

तू हसत असशील. हस.

आता दोनच तुकडे राहिलेत. तुझी निळी वही लोखंडी कपाटात दिसली होती मागं. उघडली न्हवती. तुझी परवानगी न्हाय म्हणून लिहून विचारतो, उघडू का?

आण्णा

&nbsp;

उचगाव
२४ ऑगस्ट २०२५

आक्का,

उत्तर आलं न्हाय, म्हणून उघडली. शिव्या घालायच्या तर पत्रातनं घाल.

किती बारीक अक्षर गं तुझं. चष्मा पुसून पुसून वाचलं. लिहिलंयस की वेल्डिंगच्या आधीच धातू मऊ करून घ्या. तार सव्वासहाशेची, कारण ती भट्टीत कडक होत न्हाय, जोडाचा ताण पोटात घेती. आणि भट्टीत साडेसहाशे ते साडेआठशे अंश हा पट्टा पळत पार करा. तिथं रेंगाळलं की धातू आतनं कडक व्हायला लागतो, ताण तर अजून सुटलेला नसतो. वर साडेअकराशेला जाऊन ताण सोडवा, मग खाली येऊन कडक करायचं ते सावकाश करा. मी गुंडूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजी भांडण चाललेल्या घराम्होरनं जाताना थांबायचं न्हाय, एवढंच की." हे जर तू मला तेव्हा असं सांगितलं असतंस! तू आलेख दाखवलेस आणि मी चिडलो. चूक माझीच, पण आलेखपण वाकडे होते.

उरलेले दोन तुकडे तुझ्या वहीप्रमाणं केले. तार तुझी, भट्टी तुझी. भट्टीवाल्यानं आधीच तापवून ठेवली, तुकडे आत गेले आणि काटा सरसर वर चढला. मी दारात उभा राहून देवाचं नाव घेत होतो. बाहेर आले. औषध मारलं. एक रेघ न्हाय. दुसऱ्यावर पण न्हाय. गुंडूनं शिट्टी मारली.

आणि मग त्यानं विचारलं. तुला माहिती हाय तो कसा हाय, मनात आलं की ओठावर. म्हणाला, "वस्ताद, आक्काचंच बरोबर हुतं, तर मग आक्काची रिंग का फुटली?"

मी म्हटलं, चहा आण.

तुझी रिंग अजून हाय. शेडाच्या मागं पत्र्याखाली. भंगारवाला दोनदा मागून गेला, निकेलला भाव हाय म्हणतो, मी दिली न्हाय. परवा ओढून बाहेर काढली. आतली बाजू घासली. तेव्हा कुणी आत बघितलंच न्हवतं, सगळे बाहेरनं औषध मारून जोडावरची रेघ बघून गेले. आत जोडाच्या जवळ पाच खड्डे हायेत. डाळीएवढे, काळे, शेजारी शेजारी. मधला जरा खाली. त्या मधल्यातनंच चीर निघून जोडात शिरलीय. कुणाची तरी बोटं लागली असणार. शेडात येणारे जाणारे काय कमी असतात?

आण्णा

&nbsp;

उचगाव
२७ ऑगस्ट २०२५

आक्का,

मागचं पत्र फाडून टाक. न्हायतर ठेव, पण त्यातली शेवटची ओळ खोटी हाय.

माझीच बोटं हायेत ती. दुसऱ्या कुणाचं मधलं बोट एक पेर आखूड हाय उचगावात? ग्राइंडरनं नेलं तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. लहानपणी बसस्टँडवर रस्ता ओलांडताना तू माझं तेच बोट धरायचीस. तुझी मूठ त्याच्यावर बरोबर बसायची.

आता सगळं लिहितो, मधी थांबलो तर परत लिहायचा न्हाय.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तू रिंग पुसलीस. पांढरा कपडा मळायचा थांबेपर्यंत पुसत राहिलीस. मग मला म्हणालीस, "आण्णा, उद्या सगळ्या मशिनींना काय लावायचं ते लावा, पण ह्या रिंगला काही लावायचं न्हाय. शेंदरात शिसं असतंय, भट्टीत ते निकेलला आतनं पोखरतंय." मी व्हय म्हटलं. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा व्हय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू झेंडूची फुलं आणायला गेलीस. लेथला, ड्रिलला, वेल्डिंगच्या सेटला, सगळ्यांना बोटं लावली. माझ्या वस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, शेंदूर तेलात कालवायचा, पाच बोटं उमटवायची आणि मगच कामाला हात जोडायचे. पस्तीस वर्षांत एक जॉब मी कोरडा पाठवला न्हाय. आणि तुझा तो पहिला. सगळ्या लोखंडाला बोटं आणि माझ्या पोरीचाच जॉब तेवढा पोरका? मला बघवंना. तुला दिसू नये म्हणून आतल्या बाजूला लावली. वरनं म्हटलं, हिला यश दे.

हा भाग मला तितका छळत न्हाय. अडाणीपणा होता, प्रेमानं केला. पुढचं ऐक.

रिंग भट्टीतनं आली, फुटलेली. तुम्ही सगळे बाहेरच्या रेघेवर वाकला होता. मी हात आत घातला. बोटं आपोआप त्या खड्ड्यांत बसली, एकेक. मला त्याच क्षणी कळलं, आक्का. या महिन्यात न्हाय, भंगारवाल्यामुळं न्हाय. त्याच दिवशी, तू समोर उभी असताना.

आणि तोच हात बाहेर काढून मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मी सांगितलंतं. पुस्तकातल्या तारेनं लोखंड जोडत न्हाय."

भ्यालो होतो. कंपनी यादीतनं काढणार, वेल्डरचं कार्ड जाणार, या वयात कुठं जाऊ. पण भीतीच्या खाली आणखी एक होतं, ते पण लिहितो. तुझी तार हरली याचा मला थोडा आनंद झाला होता. पोटच्या पोरीवर जळणारा बाप असतो काय गं? असतो. इथं बसून पत्र लिहितोय.

तू हातमोजे काढलेस, बाकावर ठेवलेस आणि गेलीस. ते अजून तिथंच हायेत. गुंडू झाडताना उचलतो आणि परत तिथंच ठेवतो.

आण्णा

&nbsp;

उचगाव
११ सप्टेंबर २०२५

आक्का,

काल कागलला जाऊन आलो.

रिंग टेम्पोत घालून गुंडूला घेऊन गेलतो. सरनोबत साहेबाच्या टेबलावर ती ठेवली, काचेला चरा गेला. म्हटलं, साहेब, आत बघा. त्यानं बॅटरी घेऊन बघितलं. मग मी हात आत घातला आणि बोटं खड्ड्यांवर टेकवली. साहेब एकदा रिंगीकडं बघतोय, एकदा माझ्या आखूड बोटाकडं. मी म्हटलं, शेंदूर. खंडेनवमीचा. पोरीनं बजावलं होतं, मी लपून लावला. तार बरोबर होती, भट्टी बरोबर होती. तिचं नाव त्या रिपोर्टातनं काढा आणि माझं घाला.

त्यानं बॅटरी विझवली. मग म्हणाला, "वस्ताद, हे दोन वर्षांनी का सांगताय?"

मी म्हटलं, "दोन वर्षं घरात बोलायला कुणी न्हाय म्हणून."

बरोबर उत्तर न्हवतं ते, पण तेच तोंडातनं आलं. माणूस वाईट न्हाय. त्यानं जुना रिपोर्ट काढला, खाली नवीन कागद जोडला. निवडलेली तार व भट्टीचं तापमान यांत दोष नव्हता, जॉबला बाहेरची वस्तू लागली, ती शेडच्या मालकानं लावली, असं लिहिलं. माझी सही घेतली. एक प्रत तुझ्यासाठी मागून घेतली, ती ह्यासोबत हाय. कुठल्या कंपनीत दाखवायची तर दाखव. त्रिचीतल्या त्या ऑफिसातले कागद तपासत बसू नको गं, तुझा हात कागदाचा न्हाय.

आता माझं. साहेब म्हणाला, नवीन जॉब परत नेतो. बरोबर हाय, मी असतो तर मीही नेला असता. गुंडूचा चेहरा पडला. आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा त्यानं हाक मारली. म्हणाला, "पंधरा दिवस थांबतो. तार कुठली, भट्टी कशी, हे सगळं कागदावर पाहिजे. आणि खाली सही तुमची नको, ज्याला कळतं त्याची हवी."

म्हटलं, तसं माणूस माझ्या ओळखीचं एकच हाय आणि ते माझ्याशी बोलत न्हाय.

हे मी तुला सही मागायला लिहीत न्हाय. खरंच न्हाय. जॉब गेला तर जाऊ दे, गेट आणि ग्रील जोडून दोन माणसांचं पोट चालतंय. फक्त कळवलं.  शेडाजवळ उतरल्यावर गुंडू म्हणाला, "वस्ताद, लई उशीर केलासा." म्हटलं, व्हय.

आण्णा

&nbsp;

उचगाव
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

आक्का,

तुझा लिफाफा तेवीस तारखेला आला. पोस्टमन पावणं आल्यासारखं दारात थांबला, मी त्याला चहा पाजला आणि तो जाईपर्यंत लिफाफा फोडला न्हाय.

आत दोन कागद. पत्र न्हाय. एक ओळ पण न्हाय.

पहिला कागद तुझ्या सहीचा. कुठली तार, किती ताप, किती वेळ, पट्टा किती मिनिटांत पार करायचा, सगळं ओळीनं. आलेख पण हाय, या वेळी सरळ. मी तोच घेऊन कागलला पळालो. साहेबानं वाचला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आता कसं." जॉब राहिला. शनिवारी जोडला, सोमवारी भट्टीत घातला, काल बाहेर आला. औषध मारलं, आतनं बाहेरनं, दोनदा. गुंडूनं शिट्टी मारली न्हाय या वेळी, त्यानं डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाला. भट्टी विजेची हाय, धूर कुठला.

दुसरा कागद म्हणजे फोटो.

माझ्या रिंगीचा न्हाय, तुझ्या रिंगीचा. आतली बाजू. पाच खड्डे, मधला खाली. आधी वाटलं मी साहेबाला दाखवल्यावर त्यानंच काढून तुला पाठवला असेल. मग उलटा केला. मागं तुझं बारीक अक्षर. तारीख पंचवीस ऑक्टोबर दोन हजार तेवीस. आणि खाली तीन शब्द. "मधलं बोट आखूड."

म्हणजे तू पण त्याच दिवशी बघितलं होतंस.

फोटो हातात धरून मी शेडात बसलो, दुपारची संध्याकाळ झाली तरी उठलो न्हाय. त्या दिवशी साहेब विचारत होता, चूक कुणाची. तुझ्या खिशात हा फोटो होता. तो टेबलावर ठेवला असतास तर तू सुटली असतीस आणि माझं कार्ड गेलं असतं. तू म्हणालीस, "तार मी निवडली होती." एवढंच. खोटं एक अक्षर न्हाय त्यात. मला वाटलं पोरीनं चूक कबूल केली. आणि माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या पोरीला मी सगळ्यांदेखत म्हटलं, मी सांगितलंतं.

तू रिंगपायी घर सोडलं न्हाईस. मी बोलतो काय, याची वाट बघून सोडलंस. आता कळलं. तुझे दोन वर्षांचे न उचललेले फोन आता कळले. दर वेळी मी फोन करून काय विचारायचो? जेवलीस का.

माफ कर म्हणत न्हाय. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तू आधीच लई दिलंयस.

आज खंडेनवमी. सकाळी गुंडूनं सगळी मशिनं पुसली. मी दारावर पाटी लावलीय, खडूनं लिहून: जॉबला हात लावायचा न्हाय, फूल ठेवायचं तर शेजारी ठेवा. खाली नाव तुझं घातलंय. माझं कोण ऐकतंय इथं. तुझ्या हातमोज्यांवर मात्र एक झेंडू ठेवला, ते काय भट्टीत जात न्हाईत.

शेंदूर मी कालवला होता. सवय. वाटी हातात घेऊन शेडभर फिरलो. लेथला लावला, ड्रिलला लावला. रिंगीपाशी आलो, थांबलो आणि हात मागं घेतला. मग घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, आशीर्वाद शेवटी लिहितो. सहा पत्रं झाली, जमलंच न्हाय लिहायला. आता कागद उलटा कर. मागं पाच बोटं लावलीत. मधलं आखूड हाय, पण धरायला अजून चालतंय.

आण्णा